सापडलं नाही म्हणजे नव्हतं?

अहवाल लिहिताना मला सगळ्यात जड जाणारं वाक्य चार शब्दांचं आहे: 'सदर फाईल आढळली नाही.'

आढळली असती तर काम सरळ होतं. कुठे आढळली, कधीची, तिचा हॅश म्हणजे डिजिटल ठसा काय, एवढं लिहायचं. ज्याला शंका असेल त्याने तीच इमेज उघडून बघावी. न आढळल्याचं मात्र काय दाखवणार? बचावाचा वकील त्या वाक्यातून 'नव्हतीच' ऐकतो, तपास अधिकारी 'पुसली असणार' ऐकतो. आणि कायदाही इथे फारसा मदतीला येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश असतो, तज्ज्ञाची सही असते. पण तो असलेल्या नोंदीचा दाखला. नसण्याचा दाखला कुठल्याच परिशिष्टात नाही.

मी गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठात डिजिटल फॉरेन्सिक्सचं एम.एस्सी. करते आहे. सुरुवातीला हात बसतो तो राइट ब्लॉकरवर: जप्त केलेल्या डिस्कवर आपल्याकडून एक बिटही लिहिलं जाता कामा नये. मग बिटन् बिट उतरवून इमेज काढायची, मूळ आणि इमेज यांचा एसएचए-२५६ हॅश जुळवायचा, चेन ऑफ कस्टडीच्या फॉर्मवर वेळ टाकून सही करायची. यात थरार वगैरे काही नाही, कारकुनी आहे, आणि मला ती आवडते. पुसलेल्या फायली हा पुढचा भाग. साध्या हार्ड डिस्कवर फाईल डिलीट केली की तिची जागा फक्त 'मोकळी' म्हणून नोंदवली जाते. मजकूर तिथेच पडून राहतो, त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत. जेपीईजी चित्र एफएफ डी८ एफएफ या बाइट्सनी सुरू होतं. नोंद गेली तरी ते बाइट्स हुडकून चित्र बाहेर काढता येतं. आम्ही त्याला कार्व्हिंग म्हणतो.

आजोबा वाईला असतात. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले, पण जीव गुंतलेला न्यायशास्त्रात. प्राज्ञपाठशाळेच्या गावात तसं होणारच. कार्व्हिंगचं त्यांना कौतुक वाटलं नाही. "असलेलं सापडलं, त्यात काय," म्हणाले. "अगं, नसलेलं कशाच्या जोरावर लिहितेस ते सांग."

मग त्यांनी भाट्ट मीमांसकांपासून सुरुवात केली. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं कसं? डोळ्याला जमीन दिसते. घड्याचं नसणं कुठे दिसतं? कुमारिल भट्टांच्या परंपरेने यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, अद्वैत्यांनीही मानलं. नैयायिक म्हणाले, नवं प्रमाण कशाला, हे प्रत्यक्षातच बसतं. हे भांडण शतकानुशतकं चाललं आणि खरं सांगायचं तर त्यातला बराचसा भाग मला कंटाळवाणा वाटतो. पण एका अटीवर दोघांचं जमतं: घडा इथे असता तर मला दिसलाच असता, असं म्हणता आलं पाहिजे. उजेड हवा, डोळा धड हवा, आड काही नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, यावरून घड्याबद्दल काहीही कळत नाही. योग्यानुपलब्धी ती हीच.

ही अट ऐकल्यावर माझं अख्खं प्रात्यक्षिक मला वेगळं दिसू लागलं. एसएसडी घ्या. तिच्यात ट्रिम नावाची सोय असते: फाईल डिलीट झाली की संगणक एसएसडीला कळवतो, हे ब्लॉक आता नकोत. मग तिच्यातला कंट्रोलर सवडीने ते स्वतःच साफ करतो, आम्ही राइट ब्लॉकर लावून नुसती वीज दिली तरीसुद्धा. त्या जागी नंतर बहुतेकदा शून्यं वाचायला मिळतात. तिथे कधीच काही नव्हतं, की काल होतं आणि आज नाही? शून्यं दोन्हीकडे सारखीच. जुन्या हार्ड डिस्कवर जे वाक्य थोडंफार तरी वजन पेलतं, तेच वाक्य एसएसडीच्या अहवालात पोकळ होतं, आणि छापल्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात.

कधी खोट शोधणाऱ्यात असते. फ्लोरिडात २०११ मध्ये केसी अँथनी मुलीच्या खुनाच्या आरोपातून सुटली. पुढच्या वर्षी तिथल्या शेरिफच्या कार्यालयाने मान्य केलं, की घरच्या संगणकावरचा इंटरनेट एक्सप्लोररचा इतिहास तेवढा तपासला गेला, फायरफॉक्सचा राहूनच गेला. मुलगी शेवटची दिसली त्या दिवशी केलेला, गुदमरवण्याच्या उपायांचा शोध नेमका त्या फायरफॉक्समध्ये होता. तो कोणी केला हा वाद वेगळा. पण घडा जमिनीवर होता आणि उजेडही होता.

उलट, अट पाळली तर नसणं फार मोठं बोलतं. एल्गार परिषद प्रकरणात आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने २०२१ मध्ये अहवाल दिला, की एका आरोपीच्या लॅपटॉपवर नेटवायर या मालवेअरद्वारे फायली घातल्या गेल्या. त्यातला एक मुद्दा असा, की त्या फायली लॅपटॉपवर कधी उघडल्या गेल्याची खूण मिळत नाही. तपास करणाऱ्या एनआयएने हा अहवाल मान्य केलेला नाही, आणि निवाडा करणारी मी कोण. मी एवढंच बघते, की या मुद्द्याचं सगळं बळ एका 'तर'वर उभं आहे: उघडल्या असत्या तर खूण उरली असती.

आता पिशाच. बौद्ध तर्कशास्त्रात हे उदाहरण येतं: जे स्वभावानेच दिसण्याजोगं नाही, ते दिसलं नाही म्हणून 'नाही' म्हणता येत नाही, धर्मकीर्तींच्या मते अशा न दिसण्यातून फक्त संशय निघतो. आमच्याकडचं पिशाच म्हणजे व्हेराक्रिप्टमधला लपलेला कप्पा. बाहेरच्या कप्प्याची मोकळी जागा मुळातच निरर्थक बाइट्सनी भरलेली असते, आणि आतला कप्पा कूटबद्ध झाल्यावर हुबेहूब तसाच दिसतो. मालक एक पासवर्ड देतो, बाहेरचा कप्पा उघडतो, आत सहलीचे फोटो. दुसरा कप्पा आहे की नाही हे कळू नये, हाच त्या रचनेचा हेतू.

आजोबा इथे उदयनाचार्यांना घेऊन आले, मला अंदाज होताच. 'न्यायकुसुमांजली'त ईश्वर न दिसण्याच्या आक्षेपाला उत्तर देताना उदयन हीच अट पुढे करतात: जो प्रत्यक्षाला योग्यच नाही, तो दिसला नाही यावरून त्याचा अभाव ठरत नाही.

तर्क म्हणून यात मला चूक काढता येत नाही. पण हीच ढाल पिशाचालाही पुरते, शेजारच्या वाड्यातल्या भुतालाही पुरते. संशयाच्या भरवशावर कोणाला तुरुंगात धाडता येत नाही. मग त्याच भरवशावर कोणाला उपास का धरायला लावायचे? शिवाय ढाल हवी असेल तर ती पूर्णवेळ धरावी लागेल. 'नवसाला पावला, अमुक दिवशी ताप उतरवला' असं कोणी म्हटलं, की त्याने देवाला वेळेत आणि जागेत आणून उभं केलं. तिथे खूण मागण्याचा मला हक्क आहे, आणि ती मिळाली नाही तर 'आढळली नाही' हे वाक्य पूर्ण वजनाने लिहिण्याचाही. आजी चतुर्थीला वाईच्या ढोल्या गणपतीला जाते ती काही मागायला नाही. नुसती बसून येते. तिच्या देवाबद्दल माझ्या अहवालात लिहिण्यासारखं काहीच नाही.

आजोबा म्हणाले, "तू सॉफ्टवेअरची योग्यता तपासतेस. बघणाऱ्याची? संत काय वेगळं सांगत होते? चित्त शुद्ध नसेल तर समोरचंही दिसायचं नाही."

हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो आणि मी तसं बोलले. 'तुला सापडलं नाही कारण तुझी लायकी नव्हती' असं प्रयोगशाळेत कोणी म्हणू लागलं तर कामच थांबेल. फ्लोरिडातही शोधणारे कमी पडले, हे खरं. पण जतन केलेली माहिती तशीच होती; दुसऱ्या कोणीही ती उघडून फायरफॉक्सपर्यंत जावं. तुकोबांना जे दिसलं त्याची इमेज कोणाकडे आहे, आजोबा?

"इमेज नाही, पण रीत लिहून ठेवलीय," ते म्हणाले. "रोज काय करायचं, काय सोडायचं, किती वर्षं. ती करून न बघता तू काय लिहिणार?"

आमच्या नमुन्यात त्यासाठी रकाना आहे. पासवर्ड मिळाला नाही, केबल नव्हती, वेळ नव्हता, अशा वस्तू आम्ही 'आढळले' किंवा 'आढळले नाही' यांत घालत नाही. त्यांच्यापुढे 'तपासणी केली नाही' लिहायचं आणि कारण द्यायचं. आजोबांना मी म्हटलं, सध्या तेच लिहीन. त्यांनी लगेच विचारलं, कारणाच्या जागी काय?