न जुळणारा आकडा

समुद्रातलं तेल म्हटलं की हेल्मेट घातलेली, तेलाने माखलेली माणसं डोळ्यांपुढे येतात. प्रोसेस इंजिनिअरचे बरेचसे दिवस मात्र ह्यूस्टनसारख्या शहरातल्या ऑफिसात जातात. सेपरेटरमध्ये दाब किती, वायू किती, पाणी किती. व्हॉल्व्ह अडकला तर काय, पंप बंद पडला तर काय. हॅझॉपच्या, म्हणजे संभाव्य धोके शोधण्याच्या, बैठकीत एकेका लाइनला हे प्रश्न दिवसच्या दिवस विचारले जातात. दुपारनंतर माणसं थकतात. 'सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना, मग चला पुढे' असं कुणीतरी म्हणतं. सीनियर माणसाची खरी गरज तेव्हाच असते. व्हॉल्व्ह आहे हे ड्रॉइंगवर सगळ्यांनाच दिसतं. तो नेमका कोणत्या प्रसंगासाठी आणि किती प्रवाहासाठी बसवलाय, हे कुणीतरी खोदून विचारावं लागतं.

20 एप्रिल 2010 ला मेक्सिकोच्या आखातात, डीपवॉटर होरायझन या रिगवर, मकोंडो विहीर तात्पुरती बंद करण्याचं काम चाललं होतं. खालचं सिमेंट धरलंय का, हे पाहण्यासाठी निगेटिव्ह प्रेशर टेस्ट घेतली. विहिरीवरचा दाब उतरवायचा आणि तो पुन्हा चढत नाही ना, हे बघायचं, इतकी साधी चाचणी. ड्रिल पाइपवर दाब चढला आणि 1,400 पीएसआय दाखवू लागला. किल लाइनवर मात्र शून्य. दोन्ही वाटा एकाच विहिरीत उतरलेल्या, म्हणजे दोन्हीकडे उत्तर सारखंच यायला हवं होतं. रिगवर 'ब्लॅडर इफेक्ट', म्हणजे वरच्या जड ड्रिलिंग मडच्या भाराने दाब दिसतोय, असं स्पष्टीकरण पुढे आलं, ते पटवून घेतलं गेलं आणि चाचणी पास ठरली. त्याच रात्री दहाच्या सुमारास स्फोट झाले. 11 माणसं गेली आणि विहीर 87 दिवस समुद्रात तेल ओकत राहिली.

माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने त्या रात्रीची आणखी एक गोष्ट फार मोलाची आहे, आणि तिची चर्चा फारच कमी होते. उसळून आलेला प्रवाह मड-गॅस सेपरेटरकडे वळवला गेला. ते भांडं थोड्याशा वायूसाठी असतं. इतका मोठा लोंढा त्याला पेलला नाही आणि वायू डेकवर पसरला. प्रवाह थेट रिगबाहेर समुद्रावर नेणाऱ्या मोठ्या डायव्हर्टर लाइन होत्या. तो मार्ग घेतला असता तर निदान थोडा वेळ हाती लागला असता, असं चौकशी आयोगाचंही मत पडलं. पण घाबरलेल्या माणसाचा हात सवयीच्या बाजूलाच जातो. म्हणून ती निवड ऐनवेळी ऑपरेटरवर सोडणं मला मान्य नाही. ती आधीच, शांत डोक्याने, डिझाइनमध्ये करून ठेवणं हे आमचं काम आहे.

आपल्याकडेही 27 जुलै 2005 ला मुंबई हायच्या नॉर्थ प्लॅटफॉर्मला समुद्र सुरक्षा हे जहाज धडकलं. जखमी खलाशाला प्लॅटफॉर्मवर घ्यायचं होतं. धडक बसली ती गॅसच्या रायझरला, म्हणजे समुद्रतळ आणि प्लॅटफॉर्म जोडणाऱ्या उभ्या पाइपला. काही तासांत प्लॅटफॉर्म जळून गेला, 22 माणसं दगावली. जहाजं जिथे येऊन भिडतात तिथेच वायूने भरलेला पाइप उघडा असावा का, हा प्रश्न विचारण्यासाठी पदवीचीही गरज नव्हती.

असे प्रश्न बहुधा सगळ्यात नवख्या माणसाला पडतात. मोठ्यांसमोर कसं बोलावं, हा आपल्याकडचा संकोच तो अमेरिकेत येतानाही सोबत आणतो. डीपवॉटर होरायझननंतर अमेरिकेच्या नियमांनी प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येकाला काम थांबवण्याचा अधिकार दिला. पण सीनियर माणसाने कपाळाला आठी घातली तर तो अधिकार कागदावरच राहतो. या क्षेत्रातल्या माझ्या मराठी मित्रांनो, पुढच्या बैठकीत तुमचं मत शेवटी सांगा. आधी सगळ्यात धाकट्याला बोलू द्या, आणि त्याने न जुळणारा आकडा दाखवला तर तो जुळेपर्यंत पुढची लाइन घेऊ नका.