फूल कोणासाठी लावायचे?

आम्हा वसईकरांना फूल म्हटले की पहाटेची गाडी आठवते. मोगरा असो वा सोनचाफा, उजाडायच्या आत खुडायचा, टोपलीत भरायचा, ओल्या फडक्याने झाकायचा आणि दादर गाठायचे. फूल झाडावर राहिले म्हणजे नुकसान झाले, हेच आम्ही लहानपणापासून शिकलो. त्यामुळे २०२२ च्या मे महिन्यात आम्ही दोघे अमेरिकेत, पेन्सिल्व्हेनिया राज्यात लेकीकडे राहायला गेलो आणि तिने परसात फुलझाडे लावून ‘ही कोणी खुडायची नाहीत’ असा दंडक घातला, तेव्हा आम्हाला हसूच आले.

झाडाचे नाव कार्डिनल फ्लॉवर. वाचकहो, हे नाव आपल्या ओळखीचेच आहे. कार्डिनल महोदयांच्या झग्यासारखा लालभडक रंग, म्हणून हे नाव पडले. उत्तर अमेरिकेचे हे मूळचे रानफूल. ओढ्याच्या काठी, पाणथळ जागी वाढते. कमरेएवढा एकच सरळ दांडा, त्यावर जुलैपासून सप्टेंबरपर्यंत खालून वर एकेक फूल उमलत जाते. आम्ही वास घेऊन पाहिला. वास नाही. दादरला याला कोणी दोन रुपये दिले नसते!

पण हे फूल आपल्यासाठी नाहीच. ते हमिंगबर्डसाठी आहे. आपल्या वाडीत केळफुलावर येतो तो शिंजीर; पुष्कळजण त्यालाच हमिंगबर्ड समजतात. खरा हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतो. लेकीकडे येणारा पक्षी अवघ्या तीन ग्रॅम वजनाचा, नराचा गळा माणकासारखा लाल. सेकंदाला पन्नासएक वेळा पंख हलवत तो फुलासमोर हवेत उभा राहतो. फुलाची नळी अशी लांब की बहुतेक मधमाश्यांना तळ गाठत नाही. त्याची चोच मात्र बरोबर पोचते. तो मध पीत असताना वरून वाकलेला तुरा त्याच्या कपाळाला पराग लावतो, आणि तो पुढच्या फुलाकडे जातो. काही मोठ्या माश्या फुलाच्या बुडाशी भोक पाडून मध नेतात आणि परागाला शिवतही नाहीत. एकजण नकळत उपकार करतो, दुसरा हातोहात चोरी. यातले पुण्य-पाप कोणाच्या खाती मांडायचे, यावर जेवणाच्या टेबलावर आमचा बराच वाद झाला.

सप्टेंबरात हा पक्षी दक्षिणेकडे निघतो. यांतले कितीतरी मेक्सिकोचे आखात, सुमारे आठशे किलोमीटर, न थांबता ओलांडतात. त्याआधी अंगावर चरबी चढवून वजन जवळजवळ दुप्पट करावे लागते. नेमक्या त्याच आठवड्यांत हे फूल बहरात असते.

तर वाद सुरू झाला तो जागेवरून. आम्हाला वाटे, झाड स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर हवे. भांडी घासता घासता पक्षी दिसेल, नातीलाही दाखवता येईल. जावई म्हणाले, “बाबा, त्याला ओल लागते. मागच्या कोपऱ्यात, छपराचे पाणी पडते तिथे लावू या.” तो कोपरा कोणत्याच खिडकीतून दिसत नाही. शेवटी दोन रोपे आमच्या हट्टाखातर खिडकीसमोर लागली, बाकीची मागे. खिडकीसमोरची दुपारच्या उन्हात मान टाकू लागली. आम्ही रोज दोनदा पाणी घातले, तरी जुलै संपण्याआधी ती गेली. मागची, ज्यांच्याकडे कोणी पाहतही नव्हते, ती बावखलाच्या काठच्या झुडपांसारखी फोफावली.

मग लेकीने खिडकीत साखरपाण्याची बाटली टांगली. एक भाग साखर, चार भाग पाणी. पक्षी लगेच येऊ लागला, नात टाळ्या पिटू लागली. आम्ही खूश. ऑगस्टमध्ये चार दिवस सगळे नायगाऱ्याला जाऊन आलो, तर उन्हाने बाटलीतले पाणी गढूळ, आंबूस झालेले. असे पाणी त्या पक्ष्याला आजारी पाडते. बाटली उतरवताना आमचे हात थरथरले. आम्ही दिलेले अन्नच त्याला बाधले असते, आणि आम्ही ते टांगले होते कशासाठी? तो आम्हाला दिसावा म्हणून.

बाटली टांगणे वाईट असे आम्ही म्हणत नाही. भुकेल्याला झाड वाढेपर्यंत थांब असे कोणी सांगू नये. पण जे देणे आपल्या नजरेसमोरच घडले पाहिजे, त्यात घेणाऱ्याची सोय किती आणि आपली किती, हा प्रश्न त्या दिवसापासून आमची पाठ सोडत नाही. मुलांच्या बाबतीतही आम्ही तेच केले. लेक खिडकीसमोर हवी होती. ती जिथे रुजली, तिथून ती आम्हाला दिसत नाही.

परतण्याआधी, ऑक्टोबरात, त्या दांड्यांवरच्या सुकलेल्या बोंडांतले बी काढले. तपकिरीच्या भुकटीसारखे बारीक. ते मातीत पुरायचे नसते, उजेड लागतो. मातीवर नुसते भुरभुरायचे, हलके दाबायचे आणि ट्रे थंडीत बाहेर ठेवायचा. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा गुच्छ येतो, फूल बहुधा दुसऱ्या वर्षी. फुललेला दांडा मरतो, बुडाशी नवे फुटवे येतात; तेही फार वर्षे टिकत नाहीत, म्हणून बी पडत राहिले पाहिजे. काही भागांत लोकांनी रानातली फुले खुडून खुडून हे झाड दुर्मीळ करून ठेवले आहे. खुडणाऱ्यांच्या जातीचे आम्ही, ऐकून गप्प बसलो.

घरी आल्यावर वाडीत चाफ्याची चार कलमे लावली. शेजारी कुंपणावरून म्हणाला, “काका, आता या वयात कोणासाठी? पोरं तर परत येणार नाहीत.” आपल्या धर्मग्रामात हा प्रश्न आज किती घरांत विचारला जातो! बावखले बुजताहेत, वाड्यांना कुलपे लागताहेत. आम्हाला त्याला चटकन उत्तर देता आले नाही. कलमांना पाणी तेवढे घातले.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लेकीने फोनवर तो कोपरा दाखवला. आमच्या बियांची सात झाडे फुलली होती. “आत्ताच येऊन गेला,” ती म्हणाली. आम्हाला पडद्यावर हलणारा एक दांडा तेवढा दिसला. नोव्हेंबरात मग आम्हीच फोन केला. तिकडे पानगळ होते, आणि जमिनीलगतच्या हिरव्या गुच्छांवर ओल्या पानांचा थर साचला तर ते हिवाळ्यात कुजतात. विचारले, “पाने बाजूला केलीस ना?”

“केली, बाबा. हातानेच केली.”