दीर्घसूत्री : अर्धवट स्वेटर आणि अठरावा अध्याय



आजचे श्लोक : गीता, अध्याय १८, श्लोक २६ ते २८. जोडीला ३५ वा.

आपलं रोजचं वाचन आता शेवटच्या अध्यायात आलंय. सात्त्विक, राजस आणि तामस कर्ता कसा ओळखायचा, हे भगवंत तीन श्लोकांत सांगतात. तामस कर्त्याच्या दुर्गुणांची यादी वाचताना मी शेवटच्या शब्दापाशी अडकले. तो शब्द म्हणजे दीर्घसूत्री. आपण तो सरकारी फायलींसाठी वापरतो. आज करायचं ते महिनाभर रेंगाळत ठेवणारा, चेंगट. पण शब्द फोडून बघा. ज्याचं सूत लांबच लांब आहे, संपतच नाही, असा. हे वाचलं आणि माझी नजर सरळ कपाटावरच्या निळ्या पिशवीकडे गेली.

त्या पिशवीची गोष्ट आज सांगते, कारण तिच्याशिवाय हे श्लोक मला कळले नसते.

विणकाम मला आईनं शिकवलं, मुलुंडच्या आमच्या घरात, मी सातवीत असताना. एक सुलट, एक उलट. इंजिनीअरिंगला गेले आणि सुया सुटल्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पुन्हा हातात घेतल्या. ऑनलाइन लोकर मागवली, टोप्या केल्या, मफलर केले, क्रोशाचे रुमाल केले. फोटो टाकले की लोक कौतुक करायचे, ओळखीच्यांच्या ऑर्डरी यायला लागल्या. मग मी आधी लोकर आणि मग कारण शोधायला लागले. रंग दिसला की घे. ऑफिस पुन्हा सुरू झालं, कौतुक ओसरलं, आणि एक दिवस लक्षात आलं की सहा गोष्टी अर्धवट आहेत आणि एकीलाही हात लावावासा वाटत नाही. ऑफिसच्या भाषेत बोलायचं तर सगळं 'इन प्रोग्रेस', 'डन' काहीच नाही.

हे तुमच्यापैकी अनेकांचं होतं, मला माहीत आहे. कुणाची गिटार असते, कुणाची वारली पेंटिंगची वही, कुणाची हार्मोनियम. आधी रस जातो आणि मग अपराधीपणा येतो. पिशवी दिसली की आपण मान वळवतो.

त्याच सुमारास, २०२२ मध्ये, आईला पार्किन्सन्सचं निदान झालं. ती तेव्हा बाबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणत होती. मुंबईत स्वेटर कशाला, असं तुम्ही म्हणाल. जानेवारीत चार दिवस माकडटोप्या निघतात तेवढीच आपली थंडी. पण बाबा दर वर्षी कार्तिकात आळंदीला जातात, माउलींच्या संजीवन समाधी सोहळ्याला. पहाटे इंद्रायणीच्या काठावर चांगलंच गारठतं. स्वेटरची पाठ पूर्ण झाली होती, पुढचा भाग निम्मा. मग उजव्या हाताचा कंप वाढला आणि टाके सुईवरून निसटायला लागले. तिनं ते सगळं निळ्या पिशवीत ठेवलं आणि मला म्हणाली, "बघ तुला जमलं तर."

मी "हो, करते गं" म्हणाले. आणि दोन वर्षं केलं नाही.

आता नैतिक प्रश्न इथे येतो. माझ्या मनातच नसेल तर मी ते काम करावं का? आपल्या पिढीला एक गोष्ट पक्की शिकवली गेलीय : जे कराल ते मनापासून करा, आतून येत नसेल तर करू नका. यात खोटं काही नाही. कंटाळून केलेली पूजा आणि कपाळाला आठ्या घालून वाढलेलं जेवण कुणाला हवंय? दुसरीकडे आई समोर बसलेली. तिच्याकडे इच्छा होती, हात चालत नव्हते. माझे हात ठणठणीत, आणि मी मूड यायची वाट बघत होते.

बरं, तेही इतकं सरळ नव्हतं. काही दिवस आईलाच कशातही रस वाटायचा नाही. टीव्ही नको, फोन नको, खिडकीपाशी नुसती बसून राहायची. मला वाटलं ती खचली. डॉक्टरांनी समजावलं की या आजारात मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात, आणि डोपामिनचा संबंध फक्त हालचालीशी नाही, एखादी गोष्ट करावीशी वाटण्याशीही आहे. हे उदासीन होणं आजाराचंच लक्षण असू शकतं. त्या दिवशी माझ्या डोक्यातला एक कठोर न्यायाधीश गप्प झाला. उत्साह नाही म्हणजे माणूस आळशी, असं गणित मांडता येत नाही. (तुमच्यापैकी कुणाला आठवडेच्या आठवडे कशातच गोडी वाटत नसेल, तर श्लोकांसोबत डॉक्टरांकडेही जा. त्यात श्रद्धा कमी पडत नाही.)

आता २६ वा श्लोक बघा. सात्त्विक कर्त्याजवळ भगवंत दोन गोष्टी एकत्र ठेवतात : धृती आणि उत्साह. किती वर्षं हा श्लोक मी वाचतेय, पण हे दोन वेगळे शब्द आहेत याकडे लक्षच गेलं नव्हतं. मी त्यांना एकच समजत होते. उत्साह आहे म्हणून काम चालतं, तो गेला की काम थांबतं, एवढाच माझा हिशोब. पण मग धृती वेगळी सांगायची गरजच काय होती? उत्साह येतो-जातो, त्याच्यावर आपली पूर्ण सत्ता नाही. तो नसतानाच्या दिवसांत काम धरून ठेवते ती धृती.

आईकडे ती होती. रस नसलेल्या दिवशीही सकाळी ती जपमाळ घेऊन बसायची. हात थरथरत असायचा, मणी दोनदा मोजला जायचा. मी विचारलं, "आज मन लागतंय का गं?" म्हणाली, "नाही लागत. पण ते लागेल तेव्हा मी जागेवर असायला नको का?"

हे ऐकून मी त्याच रात्री पिशवी काढली, असं लिहायला छान वाटलं असतं. तसं झालं नाही. आणखी महिनाभर गेला. मग आषाढात बाबा सहज म्हणाले, "यंदाही जुनंच जॅकेट नेतो, काही बिघडत नाही." ते टोमणा मारत नव्हते, खरंच तसं म्हणत होते. तेच मला लागलं. म्हणजे आता कुणी वाटही बघत नव्हतं.

निसटलेले टाके उचलून सुईवर घ्यायला एक रविवार गेला. मग मी नियम केला : रोज फक्त दोन ओळी. सकाळी मुलुंडहून घाटकोपरपर्यंत स्लो ट्रेन, पुढे मेट्रोनं अंधेरीकडे. मेट्रोत उभं राहायलाही जागा नसते, पण लेडीज डब्यात नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी एवढ्या वेळात, बसायला मिळालं तर, दोन ओळी होतात. शेजारी कुणी मटार सोलत असते, कुणी हरिपाठ म्हणत असते, कुणी चौथ्या सीटवर अर्धवट टेकून झोपलेली असते. माझ्या सुयांकडे कुणी बघतही नाही. लॉकडाऊनमधल्या कौतुकानंतर ते फार बरं वाटलं.

पहिले तीन आठवडे मला काडीचा आनंद झाला नाही, खरं सांगते. आणि इथे मला विनोबांची भीती वाटली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून असे अठरा रविवार विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली, आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. चौथ्या अध्यायाबद्दल बोलताना त्यांनी 'विकर्म' या शब्दाचा आपला अर्थ सांगितला : बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळणं म्हणजे विकर्म. ती जोड नसेल तर कर्म कोरडं राहतं, असती तर कर्माचं ओझंच वाटत नाही. हे सांगणारा माणूस स्वतः तासन्‌तास सूत कातणारा होता, हेही विसरू नका. मग माझ्या या कोरड्या दोन ओळींचं काय? मन तर कुठेच नव्हतं.

यावर बरेच दिवस विचार केला. मला जे कळलं ते असं : मन असणं आणि मूड असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विणताना मला मजा येत नव्हती हे खरं. पण बाबांच्या पाठीची रुंदी माझ्या डोळ्यांसमोर होती. इंद्रायणीकाठची पहाट होती. काख जरा सैल ठेवायला हवी, त्यांना हात वर करून टाळ वाजवता यायला हवा, हा विचार होता. ते मनच की! ज्याच्यासाठी करतोय त्याच्याकडे लक्ष असणं, एवढी जोड पुरते. गोडी नंतर आली तरी चालते. चौथ्या आठवड्यात ती आलीही. एक दिवस घाटकोपर आलं आणि मला उतरावंसं वाटेना. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली. दोन ओळी मात्र रोज झाल्या.

आता दुसरी बाजू, कारण चिकाटीचं नुसतं गुणगान केलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ३५ वा श्लोक मुद्दाम घेतलाय. तिथे भगवंत म्हणतात की धृती तामसही असते. झोप, भय, शोक, विषाद, मद यांना घट्ट धरून ठेवणारी. म्हणजे धरून ठेवणं हा आपोआप गुण होत नाही, काय धरलंय ते बघावं लागतं. माझ्या उरलेल्या पाच अर्धवट गोष्टी मी अशाच धरून बसले होते. विणत नव्हते, टाकतही नव्हते. नुसता विषाद धरला होता. त्यांच्याकडे नीट बघितलं. त्या कुणासाठी होत्या? कुणासाठीच नाही, फोटोसाठी. कुणाला शब्द दिला होता? नाही. मग त्या उसवल्या, गुंडे केले आणि सोसायटीतल्या एका मावशींना दिले, त्या शाळेतल्या मुलींना क्रोशा शिकवतात. सोडणं म्हणजे हार, असं मला वाटायचं. इथे ते देणं लागत नसलेलं ओझं उतरवणं होतं.

म्हणून छंद सुटला की मी आता स्वतःला दोनच प्रश्न विचारते. कुणी माझी वाट बघतंय का? आणि मी हे सोडतेय ते काम संपलं म्हणून, की टाळ्या थांबल्या म्हणून?

एक आक्षेप मलाच छळतो, तो मांडून थांबते. अरणचे सावता माळी मळ्यात राबले, तेरचे गोरोबा माती तुडवत राहिले. आपण त्यांचे दाखले किती सहज देतो! पण त्यांचं ते पोट होतं. आज मूड नाही म्हणून मळ्याला पाणी न घालण्याची चैन त्यांना नव्हती. मजुरीवर गोधड्या शिवणाऱ्या बाईलाही ती नाही. मोटिव्हेशन गेलं म्हणून हळहळणं हीच मुळात पोट भरलेल्यांची गोष्ट आहे. मला वाटतं, हे मान्य करावं आणि त्यातून थोडी लाज आणि थोडी कृतज्ञता दोन्ही घ्याव्यात. संतांनी सक्तीच्या कामात विठ्ठल पाहिला. माझं काम तर मी स्वतः निवडलेलं, त्यात तो दिसायला मला आणखी काय सोयी हव्यात?

स्वेटर या कार्तिकात पूर्ण झाला. पुढच्या भागात जिथे आईचे टाके सैल होत जातात आणि माझे घट्ट टाके सुरू होतात, तिथे एक आडवी रेघ दिसते. मी म्हटलं, "उसवून सगळं सारखं करू का?" आई त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "असू दे. विठ्ठलाला कळेल कुणाचं कुठपर्यंत ते." बाबा तो घालून आळंदीला जाऊन आले. पाठीत थोडा आखूड झालाय.

आजचा अभ्यास : घरातली तुमची 'निळी पिशवी' आज उघडा. आतल्या एकेका गोष्टीला वरचे दोन प्रश्न विचारा. ज्यांची वाट कुणी बघतंय, त्यातली एकच बाहेर काढा आणि रोज दोन ओळींइतकं काम ठरवा. बाकीच्यांना प्रेमानं निरोप द्या.

उद्या २९ व्या श्लोकापासून पुढे जाऊ, बुद्धी आणि धृतीचे प्रकार.

राम कृष्ण हरी.