कालव्याकाठचं नामस्मरण

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



बडोद्याच्या आम्ही काही जणी रविवारी पहाटे नर्मदा कालव्याकाठच्या रस्त्याने सायकल चालवतो. हॉर्न नाही, सिग्नल नाही. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला शेतं. पण रस्ता शांत झाला की मनातली वर्दळ ऐकू येते! आमच्यातल्या एक ताई यजमान गेल्यापासून जपाला बसायचंच टाळतात. डोळे मिटले की रडू येतं, म्हणतात. (त्यांना विचारूनच लिहितोय.)

हा मुख्य कालवा गुजरातेत ४५८ कि.मी. वाहत राजस्थानच्या सीमेपर्यंत जातो, तोही पंपाशिवाय, नुसत्या उतारावर. उतार इतका थोडा, की सायकलवर जाणवतही नाही. पण तो शेवटपर्यंत राखलाय, म्हणून पाणी कोरड्या मुलखात पोहोचतं.

सद्गुरूंनी दिलेलं नाम असंच आहे. रडू आलं तर येऊ द्यावं, रडत रडत घ्यावं. माळ पूर्ण होत नसेल तर अकराच वेळा घ्यावं, पण रोज घ्यावं. आपल्याला जाणवो न जाणवो, पाणी पुढे सरकतच असतं.

ताई, उद्या सकाळी सहाला आम्ही तुमच्याकडे येतोय. अकराच वेळा, सगळ्या मिळून.

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥ 🙏