ऋण सोडणे

मराठी ख्रिस्ती मंडळींत भाषांतराचा विषय निघाला की बोलणे हटकून एकाच वळणावर येते: बायबलमधली रूपके परकी आहेत, आजच्या मुलांना मेंढपाळ आणि द्राक्षवेल काय कळणार? हा प्रश्न नगर जिल्ह्यातल्या एखाद्या रस्त्यावर, धनगरांचा वाडा समोरून जात असताना विचारून पाहावा. द्राक्षवेलीची तर आपल्याकडे तिच्या मायदेशापेक्षा कडक तालीम होते. तिकडे हिवाळ्यात एकदा छाटणी, इथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. योहानाच्या पंधराव्या अध्यायावर प्रवचन करणाऱ्याने आधी निफाडच्या एखाद्या बागाइतदाराकडे चहाला जावे.

पण हे उत्तर सोपे आहे, आणि परकेपणाची तक्रार मुळात वरवरची आहे. तिच्याखाली दुसरीच समजूत दडलेली असते: रूपक हे टरफल आणि अर्थ हा दाणा, दाणा हाती आला की टरफल टाकून द्यावे. (बायबलमध्ये रूपक असते हेच ज्यांना मान्य नाही, त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. आणि मिथके वजा करून निखळ संदेश शोधणारा धर्मशास्त्रज्ञ बुल्टमान माझ्या मते कांदा सोलत बसला होता.) टरफलवादी मात्र शहाणी, वाचलेली माणसे असतात, म्हणून त्यांचा समाचार घ्यायला हवा.

त्यांचे आवडते उदाहरणच घेऊ. प्रभूच्या प्रार्थनेत, मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, जुन्या मराठी भाषांतराने ‘ऋण’ हा शब्द ठेवला आहे. नव्या सोप्या भाषांतरांचा कल ‘पाप’ किंवा ‘अपराध’ म्हणण्याकडे. युक्तिवाद असा की येशूच्या अरामी बोलीत कर्ज आणि पाप यांना एकच शब्द होता, आणि लूकनेही ‘पाप’ लिहिलेच आहे. मग आडवळण कशाला? लूकने ते पहिल्या अर्ध्यात लिहिले, हे खरे. दुसऱ्या अर्ध्यात, जिथे आपण इतरांना काय सोडतो ते सांगायचे आहे, तिथे त्याच्याकडेही ऋणकोच उभा आहे. हे टरफलवादी सहसा सांगत नाहीत.

शब्द बदलला की माणसाने करायचे कामही बदलते. जुन्या हिब्रू ग्रंथांत पाप हे बहुतेक ठिकाणी ओझे आहे. लेवीयच्या सोळाव्या अध्यायात ते बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडून देतात. पुढे ओझ्याची जागा कर्जाने घेतली. गॅरी अँडरसन या अभ्यासकाने 2009 साली या स्थित्यंतरावर अख्खे पुस्तक लिहिले. ओझ्याला वाहणारा लागतो, कर्जाला धनको. म्हणून तर गरिबाला दिलेले हे देवाला दिलेले उसने, ही नीतिसूत्रांतली कल्पना पुढे इतकी रुजली की दानधर्म म्हणजे स्वर्गातला ठेवा झाला. दारी आलेल्याच्या ओंजळीत पीठ घालणारा हात रूपकाने घडवला आहे. ‘अपराध’ म्हटले की न्यायालय उभे राहते: आरोपी, न्यायाधीश, शिक्षा. आणि न्यायाधीशाने माफी दिली तर त्याच्या खिशातून काहीच जात नाही. कर्ज सोडणाऱ्याच्या जाते.

मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या ऋणको सेवकाच्या दृष्टान्तातला हिशेब मुद्दाम करून पाहावा. दहा हजार तालांत म्हणजे साधारण सहा कोटी दिवसांची मजुरी. एवढे कर्ज राजाने ज्याला सोडले तो गडी शंभर दीनारांसाठी, म्हणजे शंभर दिवसांच्या रोजासाठी, दुसऱ्याचा गळा धरतो. हा दृष्टान्त अपराधाच्या भाषेत सांगून पाहा. आकडे गेले की गोष्टच गेली.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात कर्जबाजारी शेतकऱ्यांच्या उठावात सावकारांची खाती जळली आणि ती आग नगर जिल्ह्यातही पसरली. त्याच जिल्ह्यात 1831 पासून काम करणाऱ्या अमेरिकन मिशनच्या मंडळ्या प्रभूची ही प्रार्थना म्हणत होत्या. कर्ज म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावे लागले असेल असे वाटत नाही.

आता एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. हिशेबाचे रूपक श्रद्धेला वाण्याची वृत्ती लावते. युरोपात क्षमापत्रे विकली गेली, 1517 मध्ये ल्यूथर उभा राहिला, पुढचे सर्वांना ठाऊक आहे. पण तो दोष ‘फेडणे’ या क्रियापदाचा होता. आपल्याकडेही देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडायचीच. प्रार्थनेतले क्रियापद वेगळे आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जाऊ देणे, हातातून सोडणे. आणि जुन्या मराठी भाषांतरकाराने ‘सोड’ असेच लिहिले. क्षमा मनात करता येते, संध्याकाळपर्यंत विसरताही येते. सोडायला हातात काहीतरी धरलेले असावे लागते. एखाद्या गोष्टीवर पाणी सोडले असे आपण म्हणतो तेव्हा ती आपली होती, हे त्यात येतेच.

हा भेद शब्दच्छल वाटत असेल तर शरद जोशींना आठवावे. त्यांची शेतकरी संघटना ‘कर्जमाफी’ म्हणायला तयार नव्हती. शेतकऱ्याने गुन्हा केलेला नाही, म्हणून ‘कर्जमुक्ती’. बायबलशी त्यांचा काही संबंध नव्हता, पण ‘ऋण’च्या जागी ‘अपराध’ आणणाऱ्यांपेक्षा त्यांनी प्रार्थनेतले हे वाक्य बरे वाचले असते.

सोडणे या शब्दाला आपल्याकडे एक डागही आहे, तो लपवू नये. वडिलांची जमीन भावांच्या नावावर करायची असली की तलाठ्याकडे हक्कसोडपत्र जाते, आणि त्यावर सही बहुतेक वेळा बहिणीची असते. मत्तयाच्या वाक्यात मात्र सोडणारा धनको आहे.