झाकणं आणि लपवणं

कुणाचं कौतुक करायचं झालं की आपल्याकडे म्हणतात, ‘माणूस आतबाहेर एक आहे.’ वर काही चढवलेलं नाही, जे आत तेच बाहेर. ऐकायला बरं वाटतं. पण वर काही चढवलं की ते खोटंच, असं कसं म्हणावं?

हल्ली तरुण मुलांना गाडीचं इंजिन सजवायचा नाद आहे. आमच्या भालकीत शेजारचा एक मुलगा हेच करत बसतो. टॅपेट कव्हर काढायचं, तेलाचा थर धुऊन काढायचा, नाहीतर रंग धरत नाही. मग उष्णता सोसणारा काळा रंग स्प्रेनं मारायचा. वाळला की उठावाच्या पट्ट्या आणि अक्षरं पॉलिश पेपरनं घासायची. तेवढ्याच जागी खालचं ॲल्युमिनियम चमकायला लागतं. मी म्हटलं, ‘अरे, सगळंच का नाही घासत?’ तर म्हणतो, ‘काकू, सगळंच चमकलं तर काहीच दिसत नाही. काळं आहे म्हणून पांढरं दिसतंय.’

हे त्याला कुणी शिकवलं नसेल, पण आमच्या बिदरच्या कारागिरांना ते बहमनी काळापासून ठाऊक आहे. बिदरीचं भांडं जस्ताचं, त्यात थोडं तांबं. 16 भागांस 1 असं प्रमाण साधारण सांगतात. ओतलेल्या भांड्यावर मोरचुदाचं पाणी लावून ते तात्पुरतं काळं करतात, म्हणजे कोरलेली रेघ दिसते. त्या रेघेत चांदीची तार ठोकून बसवतात आणि भांडं घासून गुळगुळीत करतात. गंमत पुढेच आहे. या वेळी भांडंही पांढरट, चांदीही पांढरी. एवढी मेहनत केलेली नक्षी नीट दिसतही नाही! मग किल्ल्यातली जुनी माती, जी कारागीर चाखून पारखतात, ती आणि नवसागर यांची प्रक्रिया होते. जस्त काळंभोर होतं, चांदीला मात्र काही होत नाही. 2006 साली या कामाला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि 2023 मध्ये बिदरच्या शाह रशीद अहमद कादरींना पद्मश्री.

म्हणजे काळेपणानं चांदी लपली नाही, उलट दिसू लागली. कुणी म्हणेल, बिदरीचा काळा रंग धातूचाच आहे आणि इंजिनावरचा वरून मारलेला. खरं आहे. पण वरून चढवलेल्या थराचं एक उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातलंच आहे: कल्हई. पितळेच्या पातेल्याला आतून कथलाचा थर देतात, तिथेही नवसागर लागतोच. तो थर नसेल तर चिंचेची आमटी कळकते. तिथलं झाकणं खाणाऱ्याच्या भल्यासाठी असतं. त्याला कुणी खोटं म्हणत नाही.

मग खोटं कुठे सुरू होतं? त्याच स्प्रेच्या डब्यापाशी. गॅस्केटमधून तेल झिरपतंय हे ठाऊक असताना, गाडी विकायच्या आदल्या दिवशी ते पुसून कुणी इंजिन रंगवलं, तर ते झाकणं नव्हे, लपवणं. डबा तोच, हातही तसाच. फरक एवढाच की उद्या रस्त्यात जो अडकणार आहे, त्यालाच अंधारात ठेवलं. जाणून घ्यायचा हक्क त्याचा, कारण भोगणार तो.

ही कसोटी मला घरातही लागू पडते असं वाटतं. पाहुणे आले असताना घरातली बाई आपलं दुःख पदराआड ठेवते, हसून चहा देते. ती ढोंगी नाही. तिचं दुःख कळलं नाही म्हणून पाहुण्यांचं काही बिघडत नाही. पण तीच बाई चार दिवस तापानं फणफणत असताना नवऱ्याला, मुलांना ‘बरी आहे’ म्हणते, तेव्हा ते झाकणं की लपवणं? आपण त्याला सोशिकपणा म्हणून गौरवतो. मला तो गौरव पटत नाही. ती आडवी पडली तर सारं घर आडवं पडतं, म्हणजे जाणायचा हक्क त्या घराला आहेच. आणि स्थळ बघताना मुलाचं व्यसन, मुलीचं आजारपण दडपून ‘लग्न झाल्यावर होईल नीट’ म्हणणारे थोरले लोक? तिथे तर दोन जन्म पणाला लागतात. बैठकीत सगळे नटूनथटून बसतात, त्यात काही गैर नाही. पण त्या नटण्याखाली भेग आहे हे ठाऊक असताना गप्प बसणं गैर आहे.

म्हणून ‘आतबाहेर एक’ हा हट्ट मी सोडला आहे. माणसानं आपलं सगळंच घासून चमकवून लोकांपुढे मांडावं असं मला वाटत नाही. थोडं काळं असू द्यावं. मात्र ज्याला आपल्या भरवशावर पुढे चालायचं आहे, त्याच्यापुढे भेगेवर रंग मारू नये.