तीन ओळींची जागा

सचित्र डायऱ्यांची सध्या चलती आहे. पानाच्या कडेनं वेल, कोपऱ्यात चहाचा कप किंवा पेंगणारं मांजर, आणि मधोमध एक प्रश्न: ‘आज तू कशाबद्दल कृतज्ञ आहेस?’ खाली तीन ओळी. दिसायला गोड. पण कृतज्ञतेला रोज तीन ओळी आणि रागाला अख्ख्या वहीत एकही पान नाही, हे कोणी ठरवलं?

इचलकरंजीत हा प्रश्न जरा जास्त टोचतो. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला आणि गाव मागाच्या खडखडाटावर जगू लागलं. इथली मजुरी मीटरवर, ५२ पिकाच्या हिशोबानं ठरते. पीक म्हणजे कापडाच्या एका इंचात बसणारे आडवे धागे. समजा, बारा तासांची रात्रपाळी करून आलेल्या मुलासमोर ती वही आहे. तो लिहील, ‘आईनं डबा गरम करून ठेवला होता.’ खोटं नाही ते. पण कापडात दोष निघाला म्हणून कापलेले पैसे त्याच्या मनात आधी आलेले असतात. वही त्याला ते बाजूला ठेवायला लावते, तेही मांजराचं चित्र दाखवून.

यावर कोणी म्हणेल, दमलेल्या जिवाला तीन ओळींचा विसावा मिळतोय, तो हिसकावणारे तुम्ही कोण? बरोबर आहे. विसाव्याशी माझं भांडण नाहीच. भांडण आहे ते ‘मनातलं मोकळेपणानं लिहा’ असं मुखपृष्ठावर छापून आत मनातलं काय असावं तेही छापण्याशी.

मग वही कोरीच बरी का? मला तसं वाटत नाही. ‘माझा आवडता पक्षी’ फळ्यावरून उतरवत मोठ्या झालेल्या, ‘तुला काय वाटतं’ हे कोणी कधी न विचारलेल्या मुलांना कोरं पान म्हणजे बंद दार वाटतं. ताणा बांधलेला नसेल तर बाणा अडकणार कशात?

केरी स्मिथ या कॅनेडियन चित्रकर्तीचं ‘रेक धिस जर्नल’ २००७ साली आलं आणि जगभर खपलं. पान फाडा, कॉफी सांडा, वही अंघोळीला न्या, अशा त्यात सूचना. म्हणजे हुकमावरून बंड! हसू येतं खरं, पण पान बिघडण्याची भीती ते घालवतं, आणि पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्याला ती भीती चांगलीच ठाऊक आहे. माधुरी पुरंदरे यांचं ‘लिहावे नेटके’ निराळ्या जातीचं. पुरंदरे स्वतः चित्रकार. त्यांचं पुस्तक तुमच्या भावनांची चौकशी करत नाही. भाषा कशी चालते ते चित्रांतून, स्वाध्यायांतून दाखवतं. हत्यार हातात देतं आणि बाजूला होतं. मला हा सभ्यपणा वाटतो. काय लिहायचं हा तुमचा प्रश्न.

आणि या गावाला पुस्तकं नवी नाहीत. आपटे वाचन मंदिर १८७० सालचं आहे. १९७४ चं साहित्य संमेलन पु. ल. देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली इथेच भरलं. तेव्हा अशी एखादी वही इथल्याच कोणी काढावी. कडेला वेलाऐवजी धोटा आणि कांड्या. प्रश्न असे: वीज गेली, सगळे माग एकदम थांबले, तेव्हा काय ऐकू आलं? कांड्या भरणाऱ्या बाईचे हात दिवसभरात कधी रिकामे असतात? घरातला पगार कोणाच्या हातात जातो, आणि मागावा कोणाकडे लागतो? आज कोणाचा राग आला, आणि तो कोणाला सांगितला नाही?

या शेवटच्या प्रश्नाखाली ओळी आखू नयेत. पानं मात्र भरपूर सोडावीत.